मांडूळ, खार आणि तंजावरचे राजे

परसात केळीसाठी आळे करायला घ्यावे, कुदळीच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला माती भुसभुशीत लागावी आणि तिच्यातून मनगटाएवढा जाड, लालसर तपकिरी जीव सावकाश बाहेर सरकावा. त्याला घाई नसते, तो फणा काढत नाही, फुत्कारतही नाही. शेपूट इतके बोथट, की तोंड कुठले आणि टोक कुठले हे पाहणाऱ्याला पटकन कळत नाही. महाराष्ट्रात कुणीही सांगेल, हे मांडूळ. कुणी दुतोंड्या म्हणेल, आणि सहा महिने एका तोंडाने, सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालतो अशी पुस्तीही जोडेल. तमिळनाडूत याच सापाला मण्णुळिप्पांबू म्हणतात. मण् म्हणजे माती. मातीत शिरून राहणारा तो साप.

या सापाचे शास्त्रीय नाव एरिक्स जॉनाय. त्यातला जॉन म्हणजे ख्रिस्तोफ साम्युएल जॉन हा जर्मन मिशनरी. तो 1771 साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला, म्हणजे डॅनिश लोकांच्या ट्रँकेबारला आला आणि 1813 मध्ये मरेपर्यंत तमिळ मुलुखातच राहिला. 1801 साली सापांचा अभ्यासक पॅट्रिक रसेल याने शास्त्राच्या जगाला या सापाची ओळख करून दिली, तेव्हा त्याला जॉनचे नाव दिले, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो ट्रँकेबारचाच होता. मराठी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्याला ओळखतो त्या मांडुळाच्या नावात तंजावरच्या मुलुखाची नोंद आहे, ती अशी.

हा योगायोग नव्हता. 1800 च्या आगेमागे तंजावर आणि तरंगंबाडी या दोन गावांमध्ये घराभोवतीच्या लहानसहान जिवांकडे निरखून पाहणारी, त्यांना कागदावर उतरवणारी माणसे एकाच वेळी हजर होती. त्यांतला एक जण तंजावरच्या गादीवर बसलेला मराठा राजा होता.

मराठ्यांच्या इतिहासात प्राणी काही कमी नाहीत. पण बखरींत आणि दफ्तरांत जे येतात ते पागेतले आणि पीलखान्यातले. घोड्याची किंमत, हत्तीचा दाणापाणी, उंटांची संख्या यांच्या नोंदी सापडतात. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता, तिथे वाघासारखी जनावरे आणि हरणे बाळगलेली असत. ती दौलतीची शान होती. परसातली खार, विहिरीच्या कठड्यावरचा बेडूक, वळचणीची चिमणी यांच्यासाठी कारकुनाने बोरू कधी झिजवला नाही. त्यांची दखल घ्यायची तर ती ओवीत, म्हणीत आणि आजीच्या गोष्टीत. तंजावरात मात्र काही काळ निराळे घडले.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी 1675-76 च्या सुमारास तंजावरचे धनी झाले. त्यांच्या वंशाने तिथे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ राज्य केले. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले हे राज्य म्हणजे कालव्यांचे, भातखाचरांचे आणि नारळी-केळीचे राज्य. पाणी वर्षाचा बराच काळ हाताशी. जिथे पाणी तिथे भात, जिथे भात तिथे उंदीर, आणि उंदरामागोमाग धामण, मुंगूस, घुबड. दख्खनच्या कोरड्या पठारावरून आलेल्या मराठी कुटुंबांना इथे अंगण-परस हिरवे मिळाले, आणि त्याबरोबर दारात येणारे शेजारीही वाढले.

तंजावरकडच्या जुन्या घराची रचना लांबट असते. रस्त्याकडे तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आत मुत्तम, म्हणजे वरून उघडा असलेला चौक. पाऊस थेट घरात पडतो आणि त्याच वाटेने चिमण्या, पाली, कधी एखादा सरडाही आत येतो. घराच्या मागच्या अंगाला कोल्लै, म्हणजे परस. तिथे विहीर, केळी, नारळ, कढीलिंब आणि पलीकडे गोठा. मराठी बायकांनी परस म्हटले काय किंवा कोल्लै म्हटले काय, जागा तीच आणि तिथे वावरणारे जीवही तेच.

वर उल्लेखलेला मराठा राजा म्हणजे सरफोजी दुसरे. त्यांचा जन्म 1777 चा. 1787 मध्ये तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि काही दिवसांतच तुळजाजी वारले. दत्तकाविषयी वाद उठला, अमरसिंह गादीवर बसले आणि पोरवयातल्या सरफोजींचा सांभाळ ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याकडे आला. पुढे मद्रासला राहून त्यांनी इंग्रजी आणि युरोपीय विद्या शिकून घेतल्या. 1798 मध्ये ते गादीवर आले, आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. राजाकडे उरला तो किल्ला, वाडा आणि तनखा. तलवार चालवायला मैदान उरले नव्हते. सरफोजींनी आपले सारे लक्ष ग्रंथ, औषधे, चित्रे, यंत्रे आणि निसर्गाच्या अभ्यासाकडे वळवले, आणि ते मरेपर्यंत, 1832 पर्यंत, ढळू दिले नाही.

तरंगंबाडीच्या जॉनशी त्यांचा पत्रव्यवहार होता. हे गाव तंजावरपासून साधारण शंभर किलोमीटरवर, समुद्रकाठी. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ते डॅनिश लोकांना दिले होते. तिथले मिशनरी धर्मप्रचाराच्या जोडीला शिंपले, मासे, साप, वनस्पती गोळा करत आणि युरोपातल्या अभ्यासकांकडे पाठवत. जॉनने पाठवलेल्या माशांवर बर्लिनच्या मार्कुस ब्लॉखने काम केले आणि माशांच्या एका प्रजातीला जॉनियस हे नाव दिले. मुंबईच्या बाजारात जे लहान ढोमे मिळतात त्यांतले काही याच प्रजातीतले. जॉनचा सहकारी रॉटलर वनस्पतींमागे होता. या साऱ्या मंडळींच्या मागे जी नावे न लिहिलेली तमिळ माणसे होती, पहाटे जाळ्यातला मासा घेऊन येणारे कोळी, बिळातून साप काढणारे, रानातून फांदी आणणारे, त्यांच्याशिवाय यातले काहीच घडले नसते. सापाचे स्थानिक नाव, तो कुठे राहतो, काय खातो, हे सांगणारेही तेच.

सरफोजींनी आपल्या पदरच्या चित्रकारांना पक्षी, प्राणी आणि वनस्पती रेखाटायला बसवले. तंजावरची चित्रे म्हटली की सोन्याचा वर्ख, रंगीत खडे आणि लोण्याचा गोळा धरलेला बाळकृष्ण डोळ्यांसमोर येतो. ही निसर्गचित्रे त्याच गावात झाली, पण त्यांची रीत अगदी वेगळी. कोरा विलायती कागद, त्यावर पाण्याचे रंग, मध्यभागी एकच जीव. मागे डोंगर नाहीत, महिरप नाही, देव नाही. चित्रकाराचे काम एवढेच, की पिसामागे पीस, नखामागे नख, चोचीचा बाक जसा आहे तसाच यावा. पिढ्यान्‌पिढ्या देवांची चित्रे काढत आलेल्या हाताला आता समोरचा पक्षी जसा दिसतो तसा काढायचा होता. देवाचे चित्र परंपरेने ठरवून दिलेल्या मापाने काढता येते. पक्ष्याचे चित्र काढायचे तर त्याच्याकडेच पाहत बसावे लागते.

बेंजामिन टोरिन हा तंजावरातला कंपनीचा रेसिडेंट होता. सरफोजींनी करवून घेतलेली निसर्गचित्रे त्याच्या हाती विलायतेला गेली आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तंजावरच्या मातीतल्या जिवांची ही ओळख सातासमुद्रापार जपून ठेवलेली आहे.

1826 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. राजाला भेटून ते थक्क झाले. आपल्या पत्रात त्यांनी लिहून ठेवले, की हा राजा लिनीयस आणि बुफाँ यांचे दाखले सहज देतो, घोड्याची पारख उत्तम करतो आणि वाघावर त्याचा नेम अचूक बसतो. लिनीयस म्हणजे साऱ्या जीवसृष्टीला दोन शब्दी नावे देण्याची पद्धत रुजवणारा स्वीडिश पंडित, आणि बुफाँ म्हणजे प्राण्यांवर खंडामागून खंड लिहिणारा फ्रेंच. प्राण्यांचा अभ्यास आणि प्राण्यांची शिकार या दोन्ही गोष्टी त्या काळच्या राजाच्या अंगी एकत्र नांदत होत्या, आणि हेबरनाही त्यात काही खटकले नाही.

वाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजींच्या संग्रहातले एक नवल आजही पाहायला मिळते. शार्ल ल ब्रन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची ती छापील चित्रे आहेत. एका बाजूला प्राण्याचे तोंड, दुसऱ्या बाजूला त्याच धाटणीचा माणसाचा चेहरा. घुबडाशेजारी वाटोळ्या डोळ्यांचा माणूस, उंटाशेजारी लांब ओठांचा. चित्रांपुढे उभी राहिलेली मुले एकमेकांकडे बोट दाखवून हसतात आणि मोठी माणसे गप्प होऊन जरा जास्त वेळ पाहतात.

याच ग्रंथालयात गजशास्त्राची आणि अश्वशास्त्राची सचित्र हस्तलिखिते आहेत. पालकाप्य मुनींच्या नावाने चालत आलेले गजशास्त्र ग्रंथालयाने 1958 मध्ये छापून काढले. त्याच्या मुळाशी असलेली कथा या विषयाच्या अगदी जवळची. अंग देशात रानहत्ती शेतांत आणि बागांत शिरून नासधूस करू लागले, म्हणून रोमपाद राजाने ते पकडून आणले. हत्तींबरोबर रानात वाढलेले पालकाप्य त्यांना शोधत नगरात आले, त्यांच्या जखमांना औषध लावू लागले, आणि राजाने विचारले तेव्हा त्यांनी हत्तींची सगळी विद्या सांगितली. शेतात घुसलेल्या जनावरावर चिडलेला राजा आणि त्याच जनावराच्या जखमा पुसणारा मुनी यांच्या संवादातून एक शास्त्र उभे राहते. सरफोजींनी वाड्यात स्थापलेल्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत असत, हे त्या कथेशी जुळणारेच आहे.

राजाने छापखानाही घातला होता, देवनागरी खिळ्यांचा. तिथून 1806 मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक निघाले. सख्खण पंडितांनी इंग्रजीवरून मराठीत आणलेल्या या इसापाच्या गोष्टी. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती आली 1828 साली, म्हणजे त्यानंतर बावीस वर्षांनी. मराठीतले लहान मुलांसाठी छापलेले हे अगदी आरंभीचे पुस्तक महाराष्ट्राबाहेर, कावेरीकाठी जन्मले आणि त्यातली पात्रे होती पशुपक्षी. ग्रीसमधला फॉक्स मराठीत आला की त्याचा कोल्हा होतो. त्या वेळी तंजावरच्या वेशीबाहेर रात्री खरोखरचा कोल्हा ओरडत असे, आणि पाठशाळेत इसापाची गोष्ट वाचणाऱ्या मुलाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नसे.

पण परस म्हणजे गोष्टीचे पान नव्हते. तिथे साप होते, आणि साप चावला की माणूस मरत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत एका औषधाचा मोठा बोलबाला झाला. त्याचे नावच ‘तंजावरची गोळी’. तिच्यात सोमल, पारा, मिरे, जमालगोट्याचे बी आणि काही विषारी मुळ्या समभाग घेत आणि रानकापसाच्या रसात घोटत. सर्पदंशावर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावर ती देत. कंपनीच्या दवाखान्यांतूनही तिचा वापर झाला. पॅट्रिक रसेलने कुत्र्यांवर आणि कोंबड्यांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा विष उतरवण्याचा भरवसा देण्यासारखे काही त्याला त्या गोळीत आढळले नाही. गोळी घेऊन बरे झालेल्या पुष्कळांना मुळात बिनविषारी सापच चावला असणार, हे आज उघड आहे.

रसेलचे खरे काम दुसरेच होते. 1796 मध्ये त्याचा सापांवरचा पहिला मोठा ग्रंथ लंडनला कंपनीच्या खर्चाने निघाला. पानोपानी रंगीत चित्रे, प्रत्येक सापाचे स्थानिक नाव, दात तपासून विषारी की बिनविषारी याची नोंद. घराभोवती दिसणारे बहुतेक साप निरुपद्रवी आहेत, ही गोष्ट इतक्या नीट पुराव्यानिशी तोवर कुणी मांडली नव्हती. ज्या घोणसीला पाहून आजही मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो, तिच्या शास्त्रीय नावात रसेलचे नाव आहे. सर्पदंशावरची खरी लस शंभर वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार झाली. आज त्या लसीसाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर काढतात ते तमिळनाडूतलेच इरुळा लोक. 1978 मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडण्याची त्यांची पिढीजात विद्या कातड्याच्या व्यापाराला बंदी आल्यावर उपाशी मरत होती. आता ती जीव वाचवते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडायचे, विष काढायचे आणि साप पुन्हा रानात सोडायचे.

परसातल्या साऱ्याच जिवांच्या वाट्याला अशी भीती आली नाही. खारीला तर लाडच मिळाले. तंजावरात दिसणारी खार तीन पट्ट्यांची. महाराष्ट्रात पाच पट्ट्यांचीही सर्रास दिसते. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने तीन बोटे फिरवली ही कथा तमिळ घरात आणि मराठी घरात सारखीच सांगतात, आणि तंजावरच्या मराठी आजीला पुरावा दाखवायला परसातली खार हाताशी असते. याच खारीला लिनीयसने 1766 मध्ये ताडांवरून नाव दिले. म्हणजे सरफोजी ज्या पंडिताचे दाखले देत होते, त्याच्या ग्रंथात त्यांच्याच वाड्यातल्या भिंतीवरून पळणारी खार बसलेली होती.

रात्री येणारा पाहुणा उदमांजर. तमिळमध्ये त्याला मरनाय, म्हणजे झाडावरचे कुत्रे म्हणतात. कौलांवरून दबकत जाणे, पिकलेली फळे आणि ताडाचा गोड रस शोधणे, पहाटे माळ्यावर किंवा झाडाच्या ढोलीत झोपणे हा त्याचा दिनक्रम. घरातल्या माणसांना त्याचे दर्शन क्वचित, चाहूल मात्र रोजची. पीटर पालासने त्याला शास्त्रीय नाव दिले ते साल 1777, सरफोजींच्या जन्माचे.

1855 मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारसाविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. संग्रहातल्या कित्येक वस्तू विखुरल्या. ग्रंथ मात्र टिकले, आणि 1918 मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला. त्यात मराठीची सुमारे तीन हजार हस्तलिखिते आहेत आणि मोडीतल्या दफ्तरांची गाठोडी आहेत. बागेचे काम नगरपालिकेने हाती घेतले. 1871-72 मध्ये शिवगंगा तळ्याच्या परिसरात लोकांसाठी बाग तयार झाली. तिथेच जवळ श्वार्ट्‌झने 1779 मध्ये बांधलेले चर्च आहे. त्यातल्या संगमरवरी शिल्पात इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनने मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्‌झचा हात धरलेले तरुण सरफोजी कोरले आहेत. बागेत पुढे हरणे आणि पक्षी ठेवले गेले, आणि तंजावरच्या कित्येक पिढ्यांनी पिंजऱ्यातले पहिले जनावर तिथे पाहिले.

पिंजऱ्याबाहेरच्यांचे दिवस मात्र कठीण झाले. मांडुळाचेच पाहा. ते बिनविषारी, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारे. दुसरे तोंड वाटावे म्हणून गारुडी त्याच्या शेपटीवर जखमा करत आले. आता तर गुप्तधन सापडते, पैशांचा पाऊस पडतो अशा थापांवर विश्वास ठेवून लोक ते लाखोंना विकत घेऊ पाहतात, आणि महाराष्ट्रात दर काही दिवसांनी मांडुळाच्या तस्करीची बातमी येते. कायद्याने ते पकडणे, विकणे, बाळगणे सगळेच गुन्हा आहे. दोनशे वर्षांपूर्वी ज्याला शास्त्राने नीट ओळखले, एकच तोंड आहे हे ज्याच्याबद्दल केव्हाच कळले, तो जीव दुसऱ्या तोंडाच्या भाकडकथेपायी पोत्यात कोंबला जातो. याचे वाईट वाटते. लोकांना ठाऊक नाही म्हणून घडते असेही म्हणता येत नाही.

घरेही बदलली. मुत्तमवर काच किंवा पत्रा आला, परसात फरशी बसली, विहिरी बुजल्या. तरीही तंजावरच्या वाड्याभोवतीच्या राजवीधींमधून, म्हणजे राजरस्त्यांवरून, पहाटे फिरले, तर दारोदारी सडा घातलेला दिसतो आणि ओल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने काढलेला कोलम. मराठी घरासमोरही तोच. बाजारात मिळणारी दगडाची पांढरी पूड स्वस्त पडते आणि रेघही ठसठशीत उमटते, पण काही घरांतल्या बायका अजून पीठच वापरतात, कारण कोलम खाण्यासाठी असतो हे त्यांना आईने सांगितलेले आहे. उन्हे येईपर्यंत मुंग्यांची रांग एका पाकळीच्या टोकाशी लागलेली असते. मग चिमण्या उतरतात. शेवटी वाड्याच्या भिंतीवरून एक खार डोके खाली करून येते, दोन पायांवर बसते आणि पुढच्या दोन्ही पंजांत पिठाचे कण धरून खाऊ लागते. सायकलची घंटा वाजली की पळते. सायकल गेली की परत येते.